सात रेशमी तारा

कवळीचं माप द्यायला गेले तेव्हा त्या पोरगेल्या डॉक्टरला मी म्हणाले, "उजवीकडची मागची एक जागा रिकामी ठेवता आली तर बघा." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हातारीला भ्रम झाला असं त्याला वाटलं असणार. त्याला काय सांगायचं? बाकीचे दात वयाने नेले, पण ती दाढ लिनसाहेबांनी काढली होती. त्या जागेवर त्यांचा हक्क आहे, असं मला अजून वाटतं.

लग्न होऊन औरंगाबादेत आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. राज्य निजामाचं होतं आणि हे टपाल कचेरीत कारकून होते. नवाबपुऱ्यातल्या एका गल्लीत हमीदचाचांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. खाली चाचांचा हिमरू विणायचा माग चाले, आणि रस्त्याकडच्या खोलीत लिनसाहेब, दातांचे चिनी डॉक्टर, राहत. दारावर पाटी होती. तिच्यावर अक्षर एकही नाही, फक्त दातांच्या दोन लालबुंद ओळी रंगवलेल्या. ती पाटी बघून पहिल्या दिवशी मला घास गिळवेना.

पाटीच्या मानाने माणूस मात्र फार मऊ होता. उंच, शिडशिडीत, डोळ्यांवर काड्यांचा चष्मा, अंगात पायघोळ निळा झगा. चीनमधल्या हांकोकडचे. कलकत्ता, नागपूर करत दात उपटत उपटत इथवर आले होते. मराठी ते रोग्यांकडून शिकले, त्यामुळे त्यांना आधी 'आ करा' आलं, मग 'थुंका', मग 'झालं, झालं'. रस्त्यात कुणी भेटलं तर नमस्काराच्या जागी ते विचारत, "दुखतं का?" लोक हसायचे. मला मात्र कधी कधी वाटायचं, एकमेकांना विचारण्यासारखा याहून बरा प्रश्न दुसरा कुठला आहे?

दाढ दुखायला लागली तेव्हा मी चार दिवस लवंग धरून बसले. पाचव्या दिवशी ह्यांनी दंड धरून मला खाली नेलं. खिडकीत एका डेऱ्यात कळकाचं लहानसं बेट लावलेलं होतं. लिनसाहेब म्हणाले, "वैनी, पानं मोजा. मोठ्यानं." मी बारावर पोचले आणि दाढ बशीत पडली.

दुसऱ्या दिवशी गाल धरून मी विचारायला गेले, की शहरात एवढे गुलाब असताना तुम्ही कळक का लावलाय?

"बघा ना तो कसा वागतो," ते म्हणाले. "आत पोकळ. म्हणजे गर्व नाही. जागोजागी पेर आहे. म्हणजे शब्द दिला की तिथं पक्का. वाऱ्यात वाकतो, पण मुळापासून हलत नाही."

"आमच्याकडे कळकाच्या शिड्या करतात," मी म्हणाले, "आणि तिरडी."

मला वाटलं, आता गप्प बसतील. पण त्यांचा चेहरा उजळलाच. "म्हणजे शेवटपर्यंत सोबत येतो! हे आमच्या कुंग गुरुजींना आवडलं असतं."

हे कुंग गुरुजी त्यांच्या बोलण्यात रोज येत. गुरुजी असं म्हणतात, गुरुजींना हे चालत नाही. ते हांकोला कुठल्याशा शाळेत असतील आणि डॉक्टरांना महिन्याला पत्र घालत असतील, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ते अडीच हजार वर्षांपूर्वीच वारले हे कळल्यावर मला चक्क फसवल्यासारखं झालं. बाहेरचं जग त्यांना कन्फ्यूशियस म्हणतं, हे तर फार पुढे समजलं. या गुरुजींच्या वाटेने चालणारा माणूस झाडं, पाणी, डोंगर बघतो ते छान दिसतात म्हणून नव्हे. ते कसे वागतात ते बघायचं आणि घरी येऊन आपण तसं वागायचं. लिनसाहेब म्हणत, "पाणी बघा वैनी. वाटेत खड्डा आला तर आधी तो भरतं, मग पुढं जातं. खड्ड्याला चुकवून पळत नाही."

"तुमच्या गुरुजींनी आमची गोदावरी पुरात बघितलेली नाही," मी म्हणायची.

"पूर म्हणजे पाण्याचा राग. रागात कोण आपल्यासारखं वागतं?"

आता हे मला टोचून होतं की सहज होतं, देव जाणे. माझा राग तेव्हाही गल्लीला ठाऊक होता.

त्यांच्या खोलीत एकच चित्र टांगलेलं असे, वडिलांनी काढलेलं. कागदाची लांब पट्टी, वर डोंगर, खाली धुकं, धुक्यात एक पूल आणि पुलावर तांदळाएवढा माणूस. पाठीवर काहीतरी लांबट बांधलेलं. बाकी सगळा कोरा कागद. हमीदचाचांना ते चित्र बिलकूल पटत नसे. चाचांच्या हिमरूत बोटभर जागा मोकळी सापडायची नाही. वेलीला फूल, फुलाला पान, पानाला पुन्हा वेल.

"क्या मियाँ," चाचा म्हणायचे, "अर्ध्याच्या वर कागद कोराच! मी असं कापड विणलं तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर मारंल. म्हणंल, रेशीम खाल्लं."

"पण चाचा, तुमच्या कापडातून वारा कुठून जाणार?"

"अरे डॉक्टर, वारा अडवायलाच तर कापड असतंय!"

लिनसाहेब इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. दोघांची खरी दोस्ती त्या दिवसापासूनची.

मी विचारलं होतं, माणूस एवढा लहान का काढला? ते म्हणाले, "डोंगर मोठा आहे म्हणून. माणूस मोठा काढला तर त्याला तसंच वाटायला लागतं." आणि तो चाललाय कुठे? "मित्राकडं. पाठीवर वाद्य आहे. मित्राला ऐकवायचंय." मित्राचं घर कुठे आहे? तर म्हणे धुक्यात. तेव्हापासून चाचांना एक चाळाच लागला. रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी ते डॉक्टरांच्या दारात डोकावत आणि चित्राकडे हनुवटी करून विचारत, "पोचला का?"

"रस्ता लांब आहे," लिनसाहेब म्हणत. मग दोघे आपापल्या कामाला लागत.

चित्रातल्या माणसाच्या पाठीवर होतं तसलं वाद्य लिनसाहेबांकडेही होतं. त्याचं नाव 'छिन', पण गल्लीने त्याला चिनी वीणा ठरवून टाकलं. काळ्या रोगणाची लांब, चपटी फळी. वर किंचित गोल, खाली सपाट. वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये माणसाचे दोन हात, असं ते समजावत. तिच्या सात तारा तारेच्या नसून रेशमाच्या असत, आणि त्या बोटीच्या प्रवासात सादळून कुजून गेल्या होत्या. त्यांच्या मुलुखात लढाई पेटलेली. नव्या मिळायच्या कुठून?

"रेशीम ना?" चाचा म्हणाले. "मग ते माझ्यावर सोड."

वर्ष गेलं. पहिल्या तारा सुतासारख्या तटातट तुटल्या. दुसऱ्या वेळी इतक्या जाड झाल्या की चाचा स्वतःच म्हणाले, "ह्याला बैल बांधा." शेकडो पदर मोजून एकत्र पिळायचे, त्यांना सरस पाजायचा आणि अंगणात दोन खांबांच्या मध्ये ताणून वाळवायचे. मी नवखी. एका सकाळी मला वाटलं, बरी दोरी बांधलीय, आणि मी तिच्यावर ह्यांचं ओलं धोतर वाळत घातलं. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्याखालून ओरडले, "बेटा, आता नव्या ताणतोय. धोतर दिसलं तर त्याचाबी हिमरू करून टाकीन!"

एकीकडे तारा पिळताना चाचा लिनसाहेबांकडून ती वीणा वाजवायचे नियम ऐकत. जोराच्या वाऱ्यात वाजवायची नाही. वीज कडाडताना नाही. बाजारात नाही. आंघोळ केल्याशिवाय, नीट कपडे घातल्याशिवाय नाही. ऐकणाऱ्याचं मन नसेल तर नाहीच नाही.

"मग वाजवतो तरी कधी?" चाचा म्हणाले. "ईद के चाँद कू?"

"चाचा, ती लोकांसाठी नसते. मन जाग्यावर बसवायला असते. जमलं तर एखाद्या मित्रासाठी."

"मग मी बसतोच जाग्यावर. तू वाजीव तर खरं."

शेवटी तारा जमल्या. वाद्यावर चढल्या. चार दिवस ताण बसू द्यायचा आणि शुक्रवारी दुपारची नमाज झाली की चाचांनी ऐकायला यायचं, असं ठरलं. गुरुवारी हे कचेरीतून आले ते हातात एक पाकीट घेऊनच. कितीतरी ठिकाणचे शिक्के, कडा झिजलेल्या. "डॉक्टरांचं दिसतंय," म्हणाले, "म्हटलं, उद्याची वाट कशाला बघायला लावायची." ह्यांनी ते अगदी आनंदाने नेऊन दिलं. नंतर पुष्कळ दिवस ह्यांना त्या आनंदाची लाज वाटायची.

शुक्रवारी चाचा शेरवानी घालून, अत्तर लावून डॉक्टरांकडे आले. दार उघडंच होतं. लिनसाहेब जमिनीवर बसले होते आणि वाद्यावर कापड झाकलेलं होतं.

"आई गेली," ते म्हणाले. "सहा महिने झाले. पत्र आता आलं."

आपल्याकडे तेरा दिवसांत सुतक फिटतं. त्यांच्याकडे आईबापांचा दुखवटा नावाला तीन वर्षांचा, मोजून सत्तावीस महिन्यांचा. तेवढ्या काळात मुलाने संगीताला हात लावायचा नाही. मूल तीन वर्षं आईच्या अंगावर असतं, त्याची ही परतफेड. चाचांनी जोडे दाराशी काढले आणि ते शेजारी बसले. म्हणाले, "सत्तावीस महिनेच ना? थांबतो की. एवढ्यात रेशीम सडत नाय."

दुखवट्यात त्यांनी निळा झगा काढून जाडंभरडं, न रंगवलेलं पांढरं कापड अंगात घातलं. त्याने वेगळाच घोटाळा झाला. तेव्हा शहरात कुणी जाडं पांढरं नेसलं की सरकारला चळवळीचा वास येई. महिनाभरात पोलिसांचे अमीन चौकशीला आले. "चीनसे आके खादी पहनते हो? किसने सिखाया?"

लिनसाहेब म्हणाले, "आईनं."

अमीन आणखी चिडले. माँ का नाम, पता, कोणत्या टोळीत, असं सगळं विचारत सुटले. चाचा मागावरून उठून धावत आले आणि त्यांनी खुलासा केला. अमीन जरा वरमले, उठता उठता गालावर हात ठेवून थांबले. लिनसाहेबांनी विचारलं, "दुखतं का?" अर्ध्या तासाने अमीन गालात कापूस धरून बाहेर पडले. त्यांनीही कळकाची पानं मोजली होती. वरपर्यंत ऐकू येत होतं.

दीड वर्ष असं गेलं. चाचांचं 'पोचला का' चालूच होतं, पण पुढे पुढे त्याआधी खोकला यायला लागला. मग खोकलाच राहिला. माग थांबला. हकीमांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, त्यांना जे आवडेल ते खाऊ घाला. आम्ही समजलो.

चाचांना खायचं काहीच नव्हतं. पेज घेऊन गेले तर म्हणाले, "बेटा, एक वरीस पिळल्या त्या तारा. आवाज कसा हाय, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

दुखवट्याचे अजून सात महिने उरले होते. चाचांचे सात आठवडेही दिसत नव्हते. मी पेजेचं भांडं तिथेच ठेवलं आणि तडक लिनसाहेबांच्या खोलीत गेले. जे बोलले ते आज आठवलं तरी मान खाली जाते. माणूस तिकडे मरतोय आणि तुम्ही महिने मोजत बसलात? त्या तारांत त्यांचा जीव गेलाय. तुमच्या गुरुजींनी झाडापेडांकडून माणुसकी शिकायला सांगितली ना? मग ती कुठे गेली?

त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. माझं संपल्यावर हळूच म्हणाले, "वैनी, मी तिच्याजवळ नव्हतो. पाणी पाजलं नाही. मातीला हात लावला नाही. तिला द्यायला माझ्याकडं एवढे सत्तावीस महिनेच आहेत. त्यातले कापून चाचांना दिले, तर ते चाचा तरी घेतील का?"

मी रडत वर गेले. संध्याकाळी चाचांनी मला बोलावलं. भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलेलं. "तू त्याला बोल लावला ते लई चुकलं तुझं," ते म्हणाले. श्वास लागत होता तरी रागावले. "आईचा हक हाय तो. माझ्यासाठी तोडला तर मी वर जाऊन त्याच्या अम्मीला तोंड दाखवू कसा?"

खरं सांगते, त्या दिवशी मला दोघांचाही राग आला होता. दोघेही खरे होते आणि तारा तशाच मुक्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा उभा राहिला. लिनसाहेबांनी आंघोळ करून धुतलेलं पांढरं कापड घातलं होतं. त्यांनी आणि ह्यांनी चाचांना उचलून टांग्यात बसवलं. वाद्य लिनसाहेबांच्या मांडीवर. मी सोबत निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नाही.

पाणचक्कीवर तेव्हा कुणी नव्हतं. डोंगरातून खापराच्या नळांनी आलेलं पाणी तिथे उंच भिंतीवरून हौदात पडतं. वडाखाली सतरंजी टाकून चाचांना पाण्याकडे तोंड करून टेकवलं. लिनसाहेब त्यांच्यासमोर बसले, वाद्य मांडीवर घेतलं, त्याच्यावरचं कापड काढलं. मला वाटलं, आता लिनसाहेब दुखवटा मोडतात की काय!

त्यांनी हात उचलले आणि तारांच्या वर, बोटभर अंतर ठेवून, ते वाजवायला लागले.

तार एकदाही हलली नाही. उजव्या हाताची बोटं हवेत छेडत होती, डावा हात हवेतच लांब घसरत जाई, कुठे थरथरे, कुठे थांबे. आवाज होता तो पाण्याचा. पडणाऱ्या पाण्याचा मोठा, हौदाच्या काठाशी बारीक, आणि मध्ये कुठेतरी नळातून घुमणारा. एरवी नुसता धबधब ऐकू येणाऱ्या त्या पाण्यात इतके वेगळे आवाज आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्यांचा हात हलू लागला तसे ते एकेक करून ऐकू यायला लागले.

चाचा आधी हातांकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले. एके ठिकाणी लिनसाहेबांचा डावा अंगठा वरून खालपर्यंत सावकाश ओढत आला आणि तिथेच टेकून राहिला. चाचांनी मिटल्या डोळ्यांनीच बोट वर केलं.

"वाह," ते म्हणाले.

परतताना टांग्यात ते एवढंच बोलले, "तारा बऱ्या जमल्या म्हणायच्या." आठ दिवसांनी चाचा गेले. लिनसाहेबांनी खांदा दिला आणि मातीही दिली.

सत्तावीस महिने पुरे झाले त्या सकाळी गल्लीतली झाडून सगळी माणसं अंगणात जमली. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायचं होतं. लिनसाहेब पुन्हा निळ्या झग्यात. चाचांच्या बंद मागासमोर बसून त्यांनी हात खाली आणले, आणि काही म्हणता काही ऐकू येईना! त्या वाद्याचा आवाजच मुळी इतका लहान. मागच्या बाया म्हणाल्या, "सुरू झालं का?" कुणी म्हणालं, "एवढ्यासाठी?" हळूहळू माणसं पांगली. मी सरकत सरकत अगदी पुढे गेले आणि श्वास धरून ऐकायला लागले.

आवाज काही ओळखीचा नव्हता, पण हात ओळखीचे होते. तेच छेडणं, तेच थांबणं. पाणचक्कीवर वाजवलं ते हेच होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग डावा अंगठा वरून खालपर्यंत ओढत आला, रेशमाची तार लांब, खोल बोलली आणि तिथे टेकली. मी नकळत बोट वर केलं. चाचांची 'वाह' इथेच आली होती. त्यांनी हे ऐकलं होतं, आमच्या सगळ्यांच्या आधी.

वर्षभरात चीनहून लिनसाहेबांच्या भावाचं पत्र आलं, तो आजारी, मुलं लहान. लिनसाहेबांनी पाटी उतरवली. कळकाचा डेरा मला दिला. निघायच्या दिवशी त्यांना पाणचक्की एकदा बघायची होती, म्हणून हे आणि मी तिथवर पोचवायला गेलो. नदीच्या पुलापलीकडे त्यांचा टांगा उभा होता. पुलाच्या तोंडाशी त्यांनी आम्हाला परत फिरायला सांगितलं. वाद्य पाठीवर बांधलं, चित्राची गुंडाळी काखेत घेतली आणि ते चालू लागले. मी मागून ओरडले, "पोचलात की पत्र टाका!" त्यांनी हात वर केला. थंडीची सकाळ होती, नदीवर धुकं होतं. पुलाच्या मध्यावर ते केवढेसे दिसत होते.

पुढे निजाम गेला, राज्य बदललं, कचेरीवरची पाटी बदलली. हे त्याच कचेरीत होते. चीनकडची टपाल आली की हे स्वतः पिशवी उपसत. रोज संध्याकाळी सायकल दाराशी टेकली की मी वरूनच विचारायची, "पोचला का?"

हे टोपी काढत, पाय धूत, आणि मग जिना चढता चढता म्हणत, "रस्ता लांब आहे."